मधल्या इंजिनात कुणी नाही

अप्पा,

माफीनामा लिहायला बसले होते आणि कागदावर पहिला शब्द हा उतरला. कागद अण्णानं आणून दिलाय, पेनही त्याचंच आहे. दुपार आहे. मी कुंभकोणमला, मेलकावेरीच्या आपल्या घरात मागे कोल्लैच्या परसात, विहिरीशेजारच्या धुण्याच्या दगडाला पाय लावून बसलेय. मला निलंबित केलंय. सोमवारपर्यंत ‘मी जाणूनबुजून गाडी अडवली, चूक झाली, पुन्हा असं करणार नाही’ असं लिहून दिलं तर इंजिन परत मिळेल. नाही दिलं तर एखाद्या ऑफिसात रजिस्टरं हलवायला बसवतील आणि निवृत्त होईपर्यंत हँडलला हात लागायचा नाही. मला इंजिन हवंय, अप्पा. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, हँडल तेवढं एक होतं. तरी ती ओळ हातून उतरत नाही, कारण सगळ्याचीच किळस आलीय. साहेबांची, हारांची, माझ्या बाजूनं घोषणा देणाऱ्यांची, आणि खरं सांगायचं तर माझीसुद्धा.

ही माझी मराठी पाहून तुम्ही हसला असतात. आपल्या घरची, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात टिकलेली जुनी बोली घेऊन मी वर, कोळशाच्या मुलखात नोकरीला गेले तेव्हा तिथले लोक म्हणायचे, बाई ऐतिहासिक नाटकातून पळून आलीय. म्हणून त्यांची शिकले. आता वीसेक वर्षांनी लिहायला बसलं की तीच येते, आणि इथे आले की वैनी म्हणते, हिची जीभ वरची झाली. कुठेच धड नाही. असो.

आधी ती गाडी कसली हे सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी ती नव्हती. दोन किंवा तीन अख्ख्या मालगाड्या एकीला एक जोडतात. पुढे एक इंजिन, त्यात आम्ही. मग वाघिणीच वाघिणी, नजर पोचणार नाही इतक्या. मध्ये दुसरं इंजिन. त्यामागे पुन्हा वाघिणी. त्या मधल्या इंजिनात माणूस नसतो. मी पुढे हँडल एक घर सरकवलं की ते रेडिओवरून तिथे पोचतं आणि मधलं इंजिन तेवढंच जोर लावतं. मी ब्रेक धरला की तेही धरतं. माझ्यासमोरच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका असतो. तो आहे म्हणजे मधल्यानं ऐकलं. एका गाडीच्या माणसांत दोन-तीन गाड्या नेता येतात म्हणून खात्याला ती फार आवडते. तिला एका सापाचं नाव ठेवलंय.

तुम्ही म्हणाल, हे तर माझंच काम. तेच तर. घाटातल्या बँकर इंजिनावर तुमची उमर गेली. पुढच्या इंजिनाला चढ ओढवत नाही म्हणून मागून जोर लावणारं ते इंजिन, आणि त्यात तुम्ही. पुढचा ड्रायव्हर दिसत नाही, वळणामागे गेलेला असतो. तो शिट्टी देणार, तुम्ही तीच शिट्टी परत देणार, आणि मगच दोघांनी मिळून गाडी हलवायची. मागून उत्तर न येता पुढच्यानं ओढलं तर गाडी मध्येच तुटायची. हे तुम्ही मला घरातच शिकवलं होतंत. आपलं घर हे असं, रस्त्यावरच्या तिण्णैच्या ओट्यापासून इथे कोल्लैपर्यंत एकामागे एक खोल्या. तुम्ही तिण्णैवर, मी विहिरीपाशी. तुम्ही तोंडानं शिट्टी घालायची, मी परत घालायची. एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. बराच वेळ गेला. तुम्ही जागचे हलला नाहीत, कॉफी थंड झाली तरी. मग मीच कंटाळून पुढे आले, तर म्हणालात, “उत्तर आलं नाहीं तों हालूं नये. पुढच्याला वाटतें आपण ओढतों. मागच्यानं हो म्हंटल्याशिवाय कांहीं ओढत नाहीं.” अम्मा आतून म्हणाली, “पोरीला इंजिन शिकवताहेत. उद्या पाव्हण्यांसमोर शिट्टी घालेल ती.” तुम्हांला ते बोलणं लागलं की नाही माहीत नाही. मला मात्र त्या दिवशीच ठरल्यासारखं झालं.

आता हसा. सापाच्या गाडीवर माझी पहिली फेरी. सिग्नल हिरवा झाला, मी हॉर्न दिला आणि वाट बघत बसले. हात हँडलवर, कान मागे. माझी असिस्टंट, दोन लेकरांची आई, वऱ्हाडातली, माझ्याकडे बघतेय. मी पुन्हा हॉर्न दिला. ती म्हणाली, “मॅडम, कोणाले हॉर्न देऊन राहिल्या तुम्ही? मधात कोणीच नाही ना.” मला भानच नव्हतं. बँकरवाल्याच्या मुलीशिवाय हा वेडेपणा दुसरं कोण करणार? मी हँडल सरकवलं, ठिपका हिरवा होता, गाडी निघाली. पुढे ही गोष्ट ऑफिसात पसरली आणि साहेब मला बघितलं की तोंडानं पों करायचे. मी हसायचे. पण दर वेळी सुटताना मला तो एक क्षण जडच जायचा, अजूनही जातो. हिरवा ठिपका हे काही उत्तर नव्हे. तो फक्त सांगतो की यंत्राला यंत्र ऐकू गेलं.

एकदा डोंगर कापून केलेल्या कटिंगमध्ये ठिपका गेला. गाडी उभी राहिली, आणि नियमानं कुणीतरी मागे चालत जाऊन मधलं इंजिन बघायला हवं. असिस्टंटला पुढे ठेवून मी गेले. उन्हाची वेळ, पायाखाली खडी सरकतेय, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला कोळशाच्या वाघिणींची भिंत, संपतच नाही. पोचले, वर चढून केबिनचं दार ओढलं. कुलूप कुणीतरी कधीच तोडलं होतं. आत काय होतं ते तुम्हांला सांगू नये, पण सांगते. गाडी सिग्नलला थांबली की आजूबाजूचे लोक त्यात चढत असावेत. ड्रायव्हरच्या खुर्चीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. खाली बिड्या, बाटल्या. आणि कोपऱ्यात, जिथे तुम्ही तुमच्या इंजिनात एका कागदी तसबिरीला रोज फूल ठेवायचात, तिथे माणसाची घाण, एका वेळची नव्हे. माश्या घोंघावत होत्या. मी बटणं तपासली, ठिपका परत आला असेल असं वाटलं, उतरले आणि वाघिणीला हात टेकून ओकले. चालत परत येताना एकच विचार डोक्यात होता. या एवढ्या लांबलचक गाडीत संडास म्हणून वापरलेली जागा एकच आहे, आणि ती मधल्या इंजिनात. माणसांसाठी जी सोय करायची ती जिथे माणूस नाही तिथे झाली होती. हे बोलल्यावर असिस्टंट आधी हसली, मग रडायला लागली.

कारण आमच्या इंजिनात ती सोय नाही. तुम्हां पुरुषांना दार उघडून भागवता आलं. आम्ही काय करावं? साध्या मालगाडीवर होते तोवर निभत होतं. कुठल्यातरी लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर काढून ठेवायचे, मी उतरून धावत जाऊन यायची, स्टेशन मास्तर तोंड फिरवायचा. ही गाडी मात्र इतकी लांब की लहान स्टेशनच्या बाजूच्या रुळावर ती मावतच नाही. म्हणून तिला कुठे घेत नाहीत. निघाली की निघाली; सिग्नलला थांबली तरी तो कधी हिरवा होईल याचा नेम नाही, उतरता येत नाही. मग आम्ही एकच उपाय शोधला, पाणी प्यायचंच नाही. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला तुमचा पितळी कूजा दिला होतात, फिरकीच्या झाकणाचा, घाटातल्या उन्हात पाणी गार ठेवणारा. देताना म्हणालात, “इंजिनांत पाणी कमी पडूं नये. बाकी सगळं चालतें.” तो कूजा मी प्रत्येक ड्यूटीला नेलाय, अप्पा. भरून नेते आणि भरलेला परत आणते. दोनदा मूतखडा झाला. डॉक्टरीणबाई विचारतात पाणी किती पिता, मी सांगते भरपूर.

साहेबांकडे मी गेले होते, एकदा नव्हे. आधी म्हणाले वर कळवतो. मग म्हणाले डिझाइनमध्ये बसत नाही. शेवटी एकदा केबिनमध्ये इतर दोघे बसले असताना चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, आजकाल फार चांगल्या क्वालिटीचे डायपर मिळतात. आमचा नातू रात्रभर शांत झोपतो.” दुसरे दोघे खाली बघून हसले. मला राग आला नाही, याचंच नवल वाटतं. अंगावर पाल पडल्यासारखं झालं आणि मी हात झटकत बाहेर आले. घरी जाऊन साबणानं हात धुतले. हात कशाला लागला होता म्हणून धुतले, कुणास ठाऊक.

आणि त्याच साहेबांनी महिन्याभरानं मला बोलावून पेढा दिला. सापाची नवी गाडी सुटणार, सर्वांत लांब, आणि ती नेणार फक्त बायका. मी आणि माझी असिस्टंट. मोठे पाहुणे झेंडा दाखवणार. अण्णाला फोनवर सांगितलं तर तो इतका खूश की शेजारच्यांना ऐकू जावं म्हणून तिण्णैवर जाऊन बोलला. वैनीनं काय केलं ठाऊक आहे? गाडीला सापाचं नाव आहे ना, म्हणून तिरुनागेश्वरमच्या देवळात जाऊन राहूला दूध घातलं. कोळशाच्या मालगाडीसाठी! तिथे मूर्तीवर दूध निळं होतं म्हणतात, तसं ते झालं म्हणून प्रसादासकट फोटो पाठवला. इथल्या आपल्या मराठी लोकांच्या सभेनं ठराव केला की मी पुढच्या खेपेला गावी आले की शाल घालायची. मला हसू येत होतं आणि, आता लपवून काय करू, बरंही वाटत होतं.

तो दिवस असा होता. उजाडायच्या आत आम्हांला इंजिनात बसवलं. केळीचे खांब बांधलेले, पुढच्या काचेवर झेंडूची इतकी तोरणं की सिग्नल दिसायला वाकावं लागे. खाली मांडव, बँड, खुर्च्यांना पांढरी कापडं, पाहुण्यांसाठी थंड हवेचा तंबू आणि त्याच्या मागे, वरून मला अगदी स्पष्ट दिसत होतं, खास पाहुण्यांसाठी आणलेलं चाकांवरचं स्वच्छतागृह, दारात पायपुसणं घातलेलं. साहेबांच्या पत्नी वर आल्या, माझ्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात शहाळं दिलं. मी नुसतं ओठांना लावलं. फोटोवाला म्हणाला, नीट प्या मॅडम, कॅमेऱ्याकडे बघून. मग त्याचा फोटो हलला, दुसरं शहाळं आलं. ते संपवावं लागलं. पाहुणे यायचेच होते. ऊन चढलं. मी साहेबांना खिडकीतून म्हटलं, मला पाच मिनिटं उतरू द्या. “आता नाही, आता नाही, कुठल्याही क्षणी येतील.” तासाभरानं पुन्हा म्हटलं. ते हात जोडून म्हणाले, “मॅडम, फ्रेम बिघडेल.” माझी असिस्टंट माझा हात धरून बसली होती. खाली बँड तीच तीच धून वाजवतोय. नळाच्या तोंडाला बोट लावून धरावं तशी मी सगळं अंग आवळून बसलेय, आणि चेहऱ्यावर हसू, कारण सांगितलं होतं की हसत राहा.

पाहुणे आले. बोलले. आमच्या कष्टांबद्दल, स्त्रीशक्तीबद्दल, बरंच. सिग्नल हिरवा झाला, झेंडा हलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी हलली नाही. पुन्हा झेंडा. बँड थांबला. साहेब धावत खिडकीखाली आले, घामानं डबडबलेले, “काय झालं? रेडिओची लिंक गेली का?” मी खिडकीतून खाली बघून म्हटलं, “साहेब, इंजिनात बाथरूम कधी बसवणार? आधी उत्तर द्या. उत्तर आल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही.” समोर माइक होते. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं, पाहुण्यांनी आपल्या माणसाकडे, आणि तो दुसरीकडेच बघू लागला. कुणीही उत्तर दिलं नाही. मी बसून राहिले. पाहुणे तंबूत गेले आणि मग निघून गेले. दुसरे ड्रायव्हर यायला दुपार झाली. मी उतरले तेव्हा ती शाल कमरेला गुंडाळलेली होती, आणि कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तेही आलं. आता माझ्यावर दोन ठपके आहेत. एक, जाणूनबुजून गाडी अडवली. दोन, सत्काराची शाल कमरेला बांधून मान्यवरांचा अपमान केला.

तो व्हिडिओ इथे कुंभकोणमपर्यंत पोचला. सभेनं आधीचा ठराव मागे घेतला. अध्यक्ष रस्त्यात भेटले ते उभ्या बसखाली काहीतरी हरवल्यासारखं वाकून बघू लागले. आठवड्यानं दुसरेच लोक आले, कामगारांचे पुढारी, घोषणा लिहिलेले फलक घेऊन. म्हणाले, तुम्ही तत्त्वासाठी खात्याला उभं केलंत, आम्ही तुमचा सत्कार करणार. पुन्हा शाल! त्यांच्यातला एकजण फोटोसाठी माझ्या हाताची मूठ कशी वळायची ते दाखवत होता. मला त्यांचीही तेवढीच किळस आली. एकानं फ्रेम बिघडू नये म्हणून बसवून ठेवलं, दुसऱ्याला नवी फ्रेम हवीय. तत्त्व, तत्त्व. मी कॉफी देऊन त्यांना वाटेला लावलं.

अण्णा त्यांच्यासारखा नाही, तो साधा आहे. काल स्वयंपाकघरात वैनी फिल्टरमधून कॉफी काढत होती आणि तो दारात उभा राहून म्हणाला, “दोन ओळी लिव्हून दे ग. सॉरी म्हणून लिव्हलं कीं संपलं. तुज काय जातें?”

मी म्हटलं, “मी जाणूनबुजून केलं म्हणून लिव्हूं?”

“मग काय? जाणून केलंस तें तर सगळ्यांनीं पाहिलं की.” मग म्हणाला, “नाहीं तर बरं नव्हतं म्हणून लिव्ह. अंगांत बरं नसलं तर कोण काय म्हणणार? डॉक्टरचा एक कागद जोडला तर मोकळी. बरं नव्हतं का तुज?”

वैनीनं कॉफी ओतता ओतता वर बघितलं. मी म्हटलं, “बरीच होतें मी. पुरे आतां.” आणि इकडे कोल्लैत निघून आले.

आता खरं सांगते. मी तत्त्वासाठी गाडी अडवली नाही, अप्पा. झेंडा पहिल्यांदा हलला त्याच्या जरा आधी माझं आवळून धरलेलं सुटलं होतं. खुर्ची ओली, पँट ओली, बुटात ओल. आणि खाली सगळं गाव हसत हात हलवतंय. हँडल माझ्या हाताखालीच होतं, सिग्नल हिरवा होता, पण मला हलताच येईना. हललं तर वास येईल, हललं तर असिस्टंटला दिसेल, एवढंच डोक्यात. साहेब खिडकीखाली आले तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तुमचं ते वाक्य तोंडात तयार होतं. पुढे सगळ्यांनी त्याला धैर्य म्हटलं. असिस्टंटला कळलं होतं. माझ्या खांद्यावरची शाल काढून तिनंच माझ्या कमरेला गुंडाळली आणि गाठ मारली. ही गोष्ट ऑफिसला सांगितली असती तर दोन्ही ठपके त्याच दिवशी पुसले गेले असते. पण मी निलंबन घेतलं, वीस वर्षांची नोकरी पणाला लावली, आणि खरं काय झालं ते तोंडातून काढलं नाही. इतकी मला माझीच घाण वाटली.

इथे आले त्या दिवशी वैनीनं माझी पेटी उघडली. मी ओरडले, इतकी की ती घाबरली. “अय्यो, मी धूतें की,” ती म्हणाली, “तूं प्रवास करून दमून आलीस. दे हिंगा.” मी कपड्यांचं बोचकं छातीशी धरून उभी. तिकडे परत परत धुऊन झालेले तेच कपडे, पण मला ते धुतलेले वाटतच नव्हते. ती म्हणाली, “अगदी मामंजींसारखं सोवळं तुझं. तेनीं पण ड्यूटीच्या कपड्यांना कोणाला हात लावाला सोडत नव्हते.” आणि ती हसत आत गेली. मी या दगडावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

कारण मला तुम्ही दिसलात. घाट सुटून तुमची नोकरीची शेवटची वर्षं इथल्याच भागात गेली, भाताच्या मालगाड्यांवर. साखरेचा आजार लागला होता आणि तुम्ही तो तपासणीत लपवला होतात, इंजिनावरून उतरवतील म्हणून. एवढं मला पुढे कळलं होतं. ड्यूटीवरून तुम्ही पुढच्या दारानं कधी आला नाहीत. नदीकडच्या बोळातून, मागच्या दारानं थेट विहिरीवर. आतून आम्हांला कळसाच्या, म्हणजे विहिरीच्या त्या घागरीचा आवाज यायचा, एकामागून एक. अंगावरचे कपडे तुम्ही स्वतः आपटून धुवायचात, इथेच, या दगडावर. एकदा मी मदतीला म्हणून धावत आले तर तुम्ही असे ओरडलात की मी उंबऱ्यातच रडायला लागले. आयुष्यात तेवढंच एकदा ओरडलात. अम्मा येऊन मला आत घेऊन गेली. म्हणाली, “त्यांचं सोवळं असतें. जाऊं नये तिंगा.” मी शाळेत अभिमानानं सांगायची, आमचे अप्पा इंजिन चालवतात तरी किती सोवळ्यातले.

ते सोवळं नव्हतं ना, अप्पा? साखरेच्या आजारात दारापर्यंत जायलाही वेळ मिळत नसणार, आणि भाताची गाडी मध्येच सोडून कुठे जाणार होता तुम्ही? आणि मग तसेच सायकलवरून बोळाबोळानं. माझा हा सगळा राग, ही किळस, आज पहिल्यांदा जिथे जायला हवी तिथे जातेय असं वाटतं. ती तुमच्यावर नको होती आणि माझ्यावरही नको होती. माणसाला कामावर बसवून ठेवायचं, त्याचं अंग अंग म्हणून धरायचंच नाही, त्याला मधलं इंजिन समजायचं, आणि मग लाज मात्र त्यानंच घरी आणायची, मागच्या दारानं. थू.

तर माफीनाम्याच्या कागदावर मी एकच वाक्य लिहिलंय. ‘शहाळी पाजून, दोनदा विनंती करूनही उतरू न दिल्यामुळे, झेंडा दाखवण्यापूर्वीच इंजिनात माझे कपडे ओले झाले होते आणि म्हणून मी गाडी हलवू शकले नाही, शाल त्यासाठीच कमरेला बांधली.’ सॉरी कुठे लिहिलेलं नाही. खाली सही केलीय. सोमवारी हे साहेबांच्या टेबलावर जाईल. आता किळस त्यांना येऊ दे. इंजिन मिळेल का, माहीत नाही. तुमच्याबद्दल मी त्यात काही लिहिलेलं नाही, ते तुमच्यापाशी राहिलं.

एक गोष्ट मात्र राहून जातेय. आज सकाळी मी पुन्हा ती पँट या दगडावर घेऊन बसले होते. पाठीमागे पावलं वाजली. वैनी होती. धुतलेला पंचा तिनं विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि पाठ करून आत गेली. आणि मला आठवलं की अम्मा रोज हेच करायची. घागरीचा आवाज आला की पंचा आणून याच कठड्यावर ठेवायची, पाठ फिरवायची, आणि दारात उभी राहून आम्हांला अडवायची. सोवळं हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकलेलाच नाही, अप्पा. तो आम्हांला अम्मानं सांगितला होता.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि पत्ताही नाही. एक कबूल करून संपवते. हे मी एका बैठकीत लिहिलेलं नाही. तुमचा कूजा भरून शेजारी ठेवला होता, तो रिकामा होईपर्यंत पाणी प्यायले, आणि लिहिता लिहिता दोनदा उठून जाऊन आले. कुणालाही न विचारता.